परतीचं तिकीट भाऊजींना काढू द्या

पत्र असं आहे:

«ताई, मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. हे वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्समधून) निवृत्त झाले, वय ६८, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडे पाच महिने राहून नोव्हेंबरात परत आलो. तिथले दिवस छान गेले, पण येतानाचा प्रवास आठवला की अजून अंगावर काटा येतो. स्वस्त पडतं म्हणून जावयांनी दोन वेगळी तिकिटं काढली होती. न्यूअर्क-लंडन-मुंबई हे एक आणि मुंबई-नागपूर दुसरं. मुंबईत रात्री एकला उतरलो. चारही बॅगा पट्ट्यावरून ओढून काढल्या, मग कळलं की नागपूरचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून आहे. तिथे पोचलो तर वजन जास्त, पैसे भरा म्हणाले. लोकांदेखत बॅगा उघडून बसलो. ह्यांचे पाय बुटात मावत नव्हते. नागपुरात उतरलो तर एक बॅग आलीच नाही. घरी नणंद, दीर, शेजारी सगळे हजर, हार काय, तर्रीपोहे काय. पुढचे दहा-बारा दिवस रात्री दोनला दोघंही टक्क जागे. आता एप्रिलमध्ये मुलीचं बाळंतपण आहे. मला जायचंच आहे. हे म्हणतात, ‘तुले जायचं असन तं जाय, मी नाही जाऊन राहिलो.’ एकटी जाऊ का? की ह्यांना तयार करू, आणि कसं? आणखी एक. येताना विमानात मी जवळजवळ सगळा वेळ रडत होते. बहीण म्हणते, अमेरिका फिरून आलीस आणि रडतेस काय. माझं काही चुकतंय का?»

ताई,

रडण्याचं आधी सांगते, कारण ते तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं टाकलं आहे. काही चुकत नाहीये. पाच महिने लेकीच्या डब्यात पोळ्या भरल्या, आणि आता पुढची भेट व्हिसावर आणि दोघांच्या गुडघ्यांवर अवलंबून. अशा वेळी विमानात बसल्या बसल्या डोळे कोरडे राहिले असते तर मला जास्त काळजी वाटली असती. बहिणीची मुलं बहुधा पुण्यात किंवा नागपुरातच असावीत. तिला समजावत बसू नका. घरी आल्यावर महिनाभरानंतरही जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर मात्र डॉक्टरांशी बोला. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. पत्र लिहिणारी बाई चांगली खमकी आहे.

आता भाऊजी. तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट लक्षात आली. तिकीट जावयांनी काढलं. बॅगा, मला खात्री आहे, लेकीने भरल्या. लंडनला कुठल्या गेटवर जायचं ते फोनवर कुणीतरी सांगत होतं. वेकोलित ज्या माणसाने आयुष्यभर इतरांना कामं सांगितली, त्याला मुंबईत पहाटे तीन वाजता काउंटरवरच्या पोराने सांगितलं की काका, बाजूला व्हा आणि सामान कमी करून या. मग ते जमिनीवर बसले, स्वतःच्या बनियनी आणि नातेवाइकांसाठी आणलेली बदामाची पाकिटं या बॅगेतून त्या बॅगेत करत. पाय सुजलेले. मागे रांग. हे तुम्ही एका वाक्यात लिहिलंत, «लोकांदेखत बॅगा उघडून बसलो», पण भाऊजींचं «नाही जाऊन राहिलो» तिथूनच आलं आहे, असं माझं मत आहे. अमेरिकेला त्यांचा विरोध नाही. नातवंडाला तर नक्कीच नाही.

म्हणून त्यांना तयार करायचं असेल तर «चला ना, बाळासाठी» असं म्हणू नका. त्याने माणूस आणखी अपराधी होतो आणि अपराधी माणूस जास्त हट्टी होतो. त्यांना सांगा की या वेळी परतीचं तिकीट तुम्ही ठरवा. मार्ग तुमचा, वेळ तुमची, मुक्काम कुठे करायचा ते तुम्ही सांगा, जावईबापू फक्त पैसे भरतील. ज्याच्या गुडघ्यांनी प्रवास करायचा त्यानेच तो आखावा. मोबाइलवर सगळ्यात कमी भाडं वर आणून दाखवणाऱ्या पस्तिशीच्या मुलाला मुंबईतले पाच तास हे नुसते पाच तास दिसतात. त्याचा दोष नाही, तो त्या वयात तेवढ्यात लॅपटॉप उघडून एक मीटिंगही उरकतो.

भाऊजी आखायला बसतील तेव्हा काही गोष्टी त्यांच्यासमोर असू द्या.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: न्यूअर्क ते नागपूर एकच तिकीट, एकच पीएनआर. तुमचं जे काही झालं त्यातलं निम्मं या एका गोष्टीने टळलं असतं. अमेरिकेहून येताना साधारणपणे माणशी २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. दोघांच्या मिळून झाल्या ९२ किलो. आपल्याकडच्या देशांतर्गत विमानात वेगळं तिकीट असेल तर साध्या वर्गाला बहुतेक ठिकाणी माणशी १५ किलो, म्हणजे दोघांचे ३०. वरचे ६२ किलो कुठे जाणार? पैसे भरून जाणार, नाहीतर बॅग उघडून. तिकीट एकच असेल तर आंतरराष्ट्रीय प्रवासाचं वजन सहसा नागपूरपर्यंत तसंच चालतं. शिवाय लंडनचं विमान उशिरा आलं आणि नागपूरचं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी. दोन वेगळ्या तिकिटांत दुसरी कंपनी सरळ म्हणते, तुम्ही वेळेवर आला नाहीत. कायद्याने तिचं बरोबरही असतं.

एक तिकीट असलं तरी एक गोष्ट सुटत नाही, ती भाऊजींना आधीच माहीत असलेली बरी. न्यूअर्कला बॅगेच्या टॅगवर एनएजी, म्हणजे नागपूर, लिहून दिलेलं असलं तरी भारतात ज्या विमानतळावर पहिलं पाऊल ठेवता तिथे इमिग्रेशन होतं, बॅगा ताब्यात घ्याव्या लागतात, कस्टम्समधून जावं लागतं आणि मग त्या पुन्हा ट्रान्सफरच्या काउंटरवर सोपवाव्या लागतात. बहुतेक मार्गांवर असंच आहे. तो काउंटर कस्टम्स ओलांडला की लगेच असतो. लोक घाईने बाहेर निघून जातात आणि मग पुन्हा आत यायला वरच्या मजल्यावर रांगेत लागतात. म्हणून बाहेरच्या दाराकडे जाण्याआधी तिथे उभ्या असलेल्या कुणालाही विचारायचं, «डोमेस्टिक ट्रान्सफर कुठे?»

टर्मिनलचं दुखणं मुंबईचं खास. परदेशातून येणारी विमानं टी-२ ला, सहारला उतरतात. देशातली काही टी-२ वरूनच उडतात आणि काही सांताक्रूझच्या टी-१ वरून. मध्ये रस्ता आहे, रस्त्यावर मुंबईची वाहतूक आहे. तेव्हा तिकीट पक्कं करण्याआधी नागपूरच्या विमानाचं टर्मिनल पाहायचं, टी-१ असेल तर ते तिकीट घ्यायचंच नाही. दिल्लीमार्गे आलात तर तिथेही तीन टर्मिनल आहेत, तोच नियम. भारतीय कंपनीचं अमेरिकेहून थेट विमान बघत असाल तर लक्षात ठेवा, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केल्यापासून ती विमानं वळसा घालून येतात. जुन्या अनुभवावरून «चौदा तासांत पोचतो» असं कुणी सांगितलं तर त्या दिवशीच्या तिकिटावरची वेळ बघा.

आता आपल्या फायद्याचं एक. दोहाहून कतार एअरवेजचं विमान थेट नागपूरला, सोनेगावला येतं. आठवड्यातले ठरावीक दिवसच येतं. तिकीट काढाल त्या दिवशी ते चालू आहे ना आणि कोणकोणत्या वारी आहे, हे तपासून मगच बाकीच्या तारखा त्याभोवती बसवायच्या. तुम्हाला ते जमलं तर मुंबई-दिल्ली हा प्रकारच संपतो. न्यू जर्सीच्या आसपासहून दोहा, दोहाहून नागपूर, आणि इमिग्रेशन, कस्टम्स, बॅगा सगळं आपल्या घरच्या विमानतळावर. तिथे पट्टे थोडे आणि गर्दी आपल्याच लोकांची. बॅग आली नाही तर ती आली नाही हे निदान कुठे सांगायचं ते कळतं. भाडं जास्त पडेल. पडू द्या.

ते नाही जमलं तर मुंबईत एक रात्र झोपा. खरोखर पलंगावर, आडवं होऊन. टी-२ च्या आणि दिल्लीच्या टी-३ च्या आवारात तासांवर खोल्या मिळतात, त्याच्या बाहेर जवळपास हॉटेलं आहेतच. फक्त हा मुक्काम करायचा तर तिकीट काढतानाच कंपनीला विचारून ठेवायचं, कारण मधला थांबा चोवीस तासांपेक्षा जास्त झाला की भाडं आणि सामानाचे नियम बदलू शकतात. रात्री एकला उतरून दुपारच्या विमानाने निघालात तर तो प्रश्न येत नाही. आणि कृपा करून ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या नातेवाइकांकडे जाऊ नका. प्रेमाची माणसं आहेत, म्हणूनच झोपू देणार नाहीत. पहाटे दोनला वरण-भात गरम करतील आणि तिथली घरं केवढ्याला, ते विचारतील.

मुंबईपर्यंत विमान आणि पुढे दुरांतो किंवा विदर्भ एक्सप्रेस, असाही विचार काही लोक करतात. रात्रीची झोप होते हे खरं, पण चार मोठ्या बॅगा घेऊन सहारहून सीएसएमटी गाठायचं, मग फलाटावर. तुमच्या वयाला आणि त्या बॅगांना ते नको. भाचा-पुतण्या म्हणेल, «काका, समृद्धीने घ्यायला येतो, आठ तासांत घरी». जून २०२५ पासून महामार्ग पूर्ण सुरू झाला आहे, ७०१ किलोमीटर, रस्ता देखणा आहे. तरी नाही म्हणा. तुम्ही आधीच चोवीस तास बसून आलेले असता, पायांना आणखी आठ तास बसणं नको. आणि तो रात्रभर गाडी हाकत मुंबईला आलेला असतो. त्या सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको.

व्हीलचेअर. तुम्ही पत्रात तिचं नावही काढलं नाहीत, त्यावरून समजते की भाऊजींनी ती नाकारली असणार. त्यांना सांगा, मुंबईत विमानाच्या दारापासून इमिग्रेशनपर्यंत जेवढं चालावं लागतं, तेवढं ते त्रिमूर्तीनगरात रोज सकाळी चालतातही, पण चोवीस तास बसून, सुजलेल्या पायांनी, हातात पिशवी घेऊन चालत नाहीत. तिकीट काढतानाच मागणी नोंदवायची, निदान दोन दिवस आधी तरी. जिना चढू शकता पण लांब चालवत नाही, अशांसाठी तिकिटावर डब्ल्यूसीएचआर ही अक्षरं येतात. तशी नोंद दिसली की काम झालं. ढकलणारा मुलगा रांगा, काउंटर, पट्टे सगळं ओळखतो, बॅगाही काढून देतो. तरीही ते बसायला तयार नसतील तर व्हीलचेअर तुमच्या नावाने मागवा आणि भाऊजींना शेजारून, हातात पासपोर्टची फाइल घेऊन, पुढारपण करत चालू द्या. तुमच्या गुडघ्यांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण शिक्षिकेचे गुडघे मला माहीत आहेत.

आता पायांबद्दल, कारण तिथे थट्टा नाही. दोन्ही पाय सारखेच सुजणं, बूट न चढणं हे लांबच्या प्रवासात बहुतेकांना होतं आणि एक-दोन दिवसांत उतरतं. धोका दुसरा असतो. बराच वेळ हालचाल न झाल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की चार तासांहून जास्त प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात तरीही तो सहा हजारांत एक एवढाच आहे, म्हणून घाबरायचं नाही. पण वय, वजन, पूर्वी गुठळी झालेली असणं, नुकतंच ऑपरेशन, अशा गोष्टींनी तो वाढतो. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, तिथे गरम लागणं, किंवा दम लागणं, छातीत दुखणं असं काही प्रवासानंतर पुढच्या काही आठवड्यांतही झालं तर «प्रवासाचा शीण» म्हणून अंग चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

टाळायचं कसं, तर मधल्या वाटेच्या बाजूची सीट आधीच निवडून ठेवायची. दोन तासांनी उठून मागच्या स्वच्छतागृहापर्यंत जाऊन यायचं. बसल्या बसल्या पंजे वर-खाली करायचे. बूट नको, पट्ट्याची सैल चप्पल किंवा नाडी ढिली करता येईल असं काहीतरी. पोटरीला घट्ट बसणारे मोजे मिळतात, त्यांचा उपयोग होतो, पण भाऊजींना मधुमेह आहे, तेव्हा पायांचा रक्तपुरवठा नीट आहे ना हे डॉक्टरांना दाखवून मगच. झोपेची गोळी घेऊन विमानात गाढ झोपणं नको. त्यात माणूस सात-आठ तास एका कुशीवर पडून राहतो.

विमानात अंग का मोडतं हेही भाऊजींना सांगा, त्यांना कारण कळलं की बरं वाटेल. आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेएवढा ठेवलेला असतो. चिखलदरा ३,७०० फुटांच्या आसपास. म्हणजे तुम्ही दहा-बारा तास चिखलदऱ्याच्या दीडपट ते दुप्पट उंचीवर बसून असता. त्यात हवा इतकी कोरडी की आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली. डोकं जड होणं, ओठ फुटणं, घसा कोरडा पडणं त्यातूनच येतं. पाणी मागून प्यायचं, ते आणतील याची वाट पाहायची नाही. एअर होस्टेसला त्रास नको म्हणून आपल्या बायका तहान मारून बसतात.

औषधं सगळी हातातल्या पिशवीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. पूर्वेकडे येताना दिवस लहान होतो, त्यामुळे शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन कधी आणि किती, हे निघण्याआधी इथल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. लहान दिवसात नेहमीचा डोस घेतला तर शुगर खाली जाऊ शकते. डायबेटिक जेवण निदान चोवीस तास आधी नोंदवायचं. तरी सोबत दशम्या असू द्या.

बॅग न आल्याचं तुम्ही पुढे काही लिहिलं नाहीत, बहुधा आली असेल. पुन्हा तसं झालं तर पट्ट्याच्या हॉलमधून बाहेर पडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामान न मिळाल्याची नोंद, लिहून घ्यायची आणि तिचा क्रमांक जपून ठेवायचा. सोनेगावहून घरी येऊन मग फोन करतो म्हणाल तर बोलणी लांबतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटली असेल तर मिळाल्यापासून सात दिवसांत, उशिरा मिळाली असेल तर एकवीस दिवसांत लेखी तक्रार करायची असते.

घरी पोचल्यावरचं जास्त महत्त्वाचं आहे, आणि तिथे तुम्हाला थोडं वाईट व्हावं लागेल. नणंद, दीर, शेजारी दाराशी हार घेऊन उभे, हे प्रेम आहे यात शंका नाही. पण त्या दिवशी ते नको. आधीच फोन करून सांगा, पुढच्या रविवारी सगळ्यांनी या, मी स्वतः करते जेवायला. ज्या एका माणसाकडे किल्ली आहे त्याच्याकडून आदल्या दिवशी घर उघडून घ्या. फरशी पुसलेली, टाकी भरलेली, फ्रीज चालू, दूध, एवढंच हवं. कुलरच्या टाकीत पाणी राहिलेलं नको, महिनोन्‌महिने बंद घरात तिथे डासांचा संसार असतो. नणंदबाईंना काही करायचंच असेल तर पोळी-भाजी-वरणभाताचा डबा दाराशी ठेवून जाऊ द्या. तर्री दुसऱ्या आठवड्यात. चोवीस तास विमानाचं जेवण जेवलेल्या पोटाला नागपुरी तर्री म्हणजे शिक्षा आहे.

मग झोप. रात्री दोनला तुम्ही टक्क जाग्या होतात, कारण तुमच्या शरीराच्या हिशेबाने तेव्हा न्यू जर्सीत दुपारचे साडेतीन वाजलेले असत. हिवाळ्यात आपण तिथल्यापेक्षा साडेदहा तास पुढे, उन्हाळ्यात साडेनऊ. आपल्या आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं, त्यामुळे त्याला मागे ओढणं सोपं आणि पुढे ढकलणं अवघड. म्हणून जातानापेक्षा येताना जास्त त्रास होतो. साधारण दिवसाला एक तास ते सरकतं. तुमचे दहा-बारा दिवस त्या हिशेबात बरोबर बसतात, तुमच्यात काही बिघाड नव्हता. कमी करायचे असतील तर पहिल्या दिवसापासून दुपारची झोप अर्ध्या तासावर आणायची, गजर लावून, आणि गजर पलंगापासून लांब ठेवायचा. रात्रीचं जेवण साडेसातला, साडेनऊला अंथरुणात. रात्री जाग आलीच तर मोबाइल नको आणि स्वयंपाकघरात जाऊन डबे लावणंही नको. तुम्ही लावले असणार.

एक गोष्ट जरा उलटी वाटेल. पहिले चार-पाच दिवस भल्या सकाळी उन्हात फिरायला जाऊ नका. इतक्या मोठ्या फरकात इथल्या सकाळचा उजेड शरीराला न्यू जर्सीतल्या रात्री पडलेल्या उजेडासारखा लागतो आणि घड्याळ उलट्या बाजूला ढकलू शकतो. दुपारी साडेतीन-चारनंतर बाहेर पडा, अंबाझरीला किंवा घराजवळच्या बागेत एक फेरी, उजेड डोळ्यांवर येऊ द्या. मग रोज थोडं लवकर. झोपेसाठी मेलाटोनिनच्या गोळ्यांबद्दल कुणी सांगेल, भाऊजींच्या बाकीच्या औषधांसोबत चालतात का हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

तारखांबद्दल. बाळंतपण एप्रिलमध्ये म्हणजे तुम्ही मार्चमध्ये निघाल. परतीची तारीख मे-जूनची ठेवू नका. न्यू जर्सीच्या गारव्यातून एकदम नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत उतरणं म्हणजे शरीरावर दोन आघात एकदम, आणि उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. सप्टेंबर बरा, पण महालक्ष्म्यांच्या तोंडावर उतरू नका. मी तुम्हाला ओळखत नाही, तरी एवढं सांगू शकते की आदल्या दिवशी उतरलात तर सोळा भाज्या चिरायला बसाल. किमान दहा दिवस आधी या, नाहीतर या वर्षी सणाचं जाऊबाईंकडे सोपवा. तिथे किती दिवस राहता येतं ते व्हिसाच्या तारखेवरून ठरत नाही. उतरल्यावर आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत जी तारीख मिळते ती धरायची, बहुधा सहा महिन्यांची असते. नोव्हेंबरात येऊन मार्चमध्ये पुन्हा जाताय, तेव्हा तिथला अधिकारी एवढ्यात पुन्हा कशाला म्हणून विचारू शकतो. लेकीच्या डॉक्टरांचं बाळंतपणाच्या तारखेचं पत्र आणि परतीचं तिकीट हाताशी ठेवा, जे खरं आहे ते सांगा.

एकटी जाऊ का, हा तुमचा प्रश्न राहिला. आधी भाऊजींना आखायला बसवा आणि महिनाभर वाट पाहा. त्यानंतरही ते नाही म्हणाले तर खुशाल एकट्या जा. पहिलं बाळंतपण आहे, लेकीला आई हवी आहे. भाऊजींना डबा लावून द्या, कुकर शिकवून ठेवा, शुगरची तपासणी कधी ते कॅलेंडरवर लिहा. रागाने जाऊ नका आणि अपराधी वाटूनही जाऊ नका. पण माझा अंदाज विचाराल तर ते येतील. दोहाचं विमान कुठल्या वारी ते एकदा पाहायला लागले की येतील.

पैशांचं तेवढं तुम्ही बोला. एक तिकीट, चांगली वेळ, मुंबईची खोली, सगळं मिळून भाडं वाढणार आहे. मुलं द्यायला तयार असतात, आपण मागत नाही आणि मग त्यांना स्वस्तातलं शोधावं लागतं. जावईबापूंना सांगा की मागच्या वेळी जे झालं ते आम्ही तेव्हा नीट सांगितलं नव्हतं. मुंबईची रात्र, पाय, बॅगा, सगळं सांगा. त्यांना यातलं किती माहीत आहे याची मला शंका आहे. आईवडील फोनवर «पोचलो सुखरूप» एवढंच सांगतात. रविवारी सकाळी साडेआठला फोन करा, तिथे शनिवारची रात्र असते आणि ते घरी असतात. फोन स्पीकरवर ठेवा. सुरुवात तुम्ही करा आणि तिकिटाचा विषय निघाला की भाऊजींना बोलू द्या.